दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

आमच्या लहानपणी घरातली भांडी आपोआप वाजायची. फॅक्टरीत बनलेल्या तोफा गावाबाहेरच्या मैदानात डागून बघत. ज्या दिवशी ती तपासणी असे त्या दिवशी सकाळपासून थोड्या थोड्या वेळानं धडाम असा आवाज येई, मांडणीवरच्या पितळी ताटल्या एकमेकींना लागून किणकिणत आणि छपराच्या कवेलूंमधून बारीक माती चुलीवर पडे. जबलपूरला नवा आलेला पाहुणा दचकून उभा राहायचा. आम्ही नाही. माय कणकेतला हात न काढता म्हणायची, "तुझ्या बाबाची तोफ बोलली पाह्य." बाबा त्या फॅक्टरीत खरादेवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, होते. ते म्हणायचे, "तोफ कायची वं, तिच्या चाकाची एक कडी करतो मी." पण म्हणताना त्यांना बरं वाटत असावं. त्यांच्या हातांना तेलाचा आणि गरम लोखंडाचा वास असे. तो साबणानं जात नसे, म्हणून माय त्यांना जेवायच्या आधी चुलीतली राख द्यायची. मला तो वास आवडायचा. आजही सायकलच्या दुकानापुढून जाताना माझे पाय हळू होतात.

घर दोन खोल्यांचं, फॅक्टरीच्या कुंपणाला लागून. भोंगा झाला की सगळ्या वस्तीची चूल एकदम पेटायची. भाकर, चून म्हणजे पिठलं, कधी अंबाडीची भाजी, आणि वरवंट्याखाली रगडलेल्या मिरचीचा ठेचा, ज्याच्या खकाण्यानं शेजारचेही खोकायचे. बाहेरच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी ज्यांनी आम्हाला दीक्षा दिली त्यांचा कोटातला फोटो. मी जन्मायच्या आधी बाबा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. आल्या दिवशी त्यांनी घरातले सगळे जुने देव गाठोड्यात बांधून ग्वारीघाटला नर्मदेत सोडले आणि मायला बजावलं की आपली जुनी जात या घरात आता कोणी तोंडानं घ्यायची नाही. ज्या जातीचा म्हणून गावच्या विहिरीवर त्यांच्या बापाला कधी चढू दिलं नाही, तो शब्द. मी इतकी म्हातारी झाले तरी तो शब्द मला उच्चारता येत नाही. इथं लिहितानाही हात थांबला, म्हणून लिहीत नाही.

मी फार लाजरी होते. आहेच. पाहुणे आले की मी दाराच्या फळीमागे उभी राहायची आणि फटीतून त्यांचे पाय बघायची. पाय बघून मी ओळखायची कोण आलं ते. दर रविवारी सकाळी विहारात आम्हा पोरांना जमवत. विहार म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि शेणानं सारवलेली जमीन. तिथं गोंडाणे काका, बाबांच्याच खात्यातले, हातात फुटपट्टी घेऊन उभे राहायचे. वंदना झाली की ते विचारत, "जात कोणती?" सगळी पोरं ओरडायची, "जात नाही!" "मग कोण तुम्ही?" "बौद्ध!" इतक्या जोरात की पत्रा घुमायचा. मी नुसते ओठ हलवायची. एका रविवारी काकांनी ते पकडलं. मला एकटीला उभं केलं आणि विचारलं. माझ्या तोंडून हवा आली, शब्द नाही. पोट्टे हसले. काका बाबांना म्हणाले, "तुमची पोट्टी मुकी आहे का, भाऊ?"

बाबांना ते लागलं. त्या दिवसापासून रोज जेवताना आमच्या घरी परीक्षा सुरू झाली. बाबा माझ्या ताटाजवळ गुळाचा खडा धरून विचारायचे, "जात कोणती?" मी हळू बोलले की म्हणायचे, "ऐकू नाही आलं. पुन्हा." पुन्हा बोलले की, "शेजारी ऐकू गेलं का? नाही गेलं. पुन्हा." माय चिडायची. "घास तर गिळू द्या तिले. काहून छळून राहिले?" बाबा म्हणायचे, "आज इथं छळून घेईन, उद्या बाहेर कोणी छळू नये म्हणून." असं किती महिने चाललं कोण जाणे. पण शेवटी माझ्याही तोंडून तो आवाज निघायला लागला. विचारलं की निघायचा. मला त्यात काही करावं लागत नसे. भांडी वाजायची तसंच ते होतं.

शाळेत तो आवाज कधी उपयोगी पडला नाही. तिथं पाण्याच्या माठाजवळ एक चपरासी बाई बसायची. इतर मुली पेल्यानं पाणी प्यायच्या. आम्हा चौघींना ती उंचावरून ओंजळीत ओतायची आणि अर्धं पाणी कोपरावरून फ्रॉकमध्ये जायचं. मी दिवसभर तहानलेली राहायची पण फ्रॉक कोरडा ठेवायची. तरीही मला शाळा हवी होती. कारण वहीत मला बोलावं लागत नसे. चौथीत माझा नंबर पहिला आला, तेव्हा आमच्या वर्गाच्या बहेनजी स्वतः वस्तीत आल्या. बाहेरच उभ्या राहिल्या, पण आल्या. म्हणाल्या, "इसको आगे पढाइए. पाँचवीं नेपियर टाउन में है, दूर है, फिर भी भेजिए." मी दारामागून त्यांच्या चपला बघत होते. लाल पट्ट्याच्या होत्या.

माझ्या वरचे दोन भाऊ मोठ्या शाळेत होते. त्यांच्या फॉर्मवर बाबांनी बौद्ध लिहिलं होतं आणि पूर्ण फी भरत होते. तेव्हाचा कायदा असा होता की फी-माफी मिळायची ती जुन्या जातीला. बौद्ध लिहिलं की तुम्ही त्या यादीतून गेलात. सरकारच्या हिशेबी धर्म बदलला म्हणजे जणू विहिरीवरचं पाणीही लगेच मिळायला लागलं. पुष्कळ लोक घरात बौद्ध आणि कागदावर जुनेच राहिले होते. त्यांना आज मी दोष देत नाही. पण बाबा तेव्हा द्यायचे. विहारात उभे राहून म्हणायचे, "कागदावर जो वाकला तो वाकलाच." आणि दोन पोरांची फी भरता भरता घरात तिसरीसाठी काही उरलं नव्हतं.

मग एका दुपारी बाबा कामावर असायच्या वेळेला घरी आले. मी मागच्या अंगणात सांडगे राखत बसले होते. त्यांनी मायला आत बोलावलं, पण मागचं दार उघडंच होतं. खिशातून एक कागद काढला. तहसीलीतून आणलेला, शिक्का असलेला. मायला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "कायचा व्हय?"  बाबा म्हणाले, "जातीचा."  माय म्हणाली, "पोरांसाठी नाही आणला तुम्ही." बाबा म्हणाले, "पोरांची फी पुरवली. हिची नाही पुरत. हुशार आहे ती. मग काय करू सांग?" मायनं पदरानं तो कागद पुसला, जसं काही तो ओला होता, आणि म्हणाली, "गोंडाणेले सांगू नका." "तुले काय वाटते, सांगीन?"

हे मी ऐकलं आणि मला आनंद झाला. खरं सांगते, मला त्यातलं दुःख कळलंच नाही. मला एवढंच कळलं की मी पाचवीत जाणार. मोठी झाल्यावर मात्र त्या कागदानं मला अनेकदा झोपू दिलं नाही. कधी वाटायचं, पोरांच्या वेळी बाबांनी मान ताठ ठेवली आणि पोरीच्या वेळी स्वस्तातला मार्ग काढला. कधी वाटायचं, पोरांसाठी त्यांनी फक्त पैसे दिले, माझ्यासाठी मान दिली. दोन्ही खरं असावं. एक धरलं की दुसरं टोचतं.

ज्या दिवशी नेपियर टाउनला जायचं होतं त्या दिवशी मायनं माझ्या केसांना इतकं तेल लावलं की ते कपाळावर उतरलं. सायकलच्या दांडीवर मी, खिशात कागद. वाटेत बाबा एकदाच बोलले. "कुसुम, तिथं तू काही बोलायचं नाही. मी बोलीन. नाव विचारलं तर नाव सांग. बाकी गप." मी मान हलवली. गप राहायला मला सांगावं लागतं याची मला मजा वाटली. दूर तोफांची तपासणी चालू होती. पुलाजवळ आलो तेव्हा एक आवाज झाला आणि समोरच्या टांग्याचा घोडा बिचकला. बाबा म्हणाले, "बाहेरगावचा दिसते."

शाळेच्या ऑफिसात एक बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते. गोरे, म्हातारे, कानात अत्तराचा फाया. टेबल माझ्या हनुवटीपर्यंत येत होतं. मला दौत दिसत होती, टाक दिसत होता आणि बाबूंची बोटं. त्यांनी चौथीचा निकाल बघितला आणि खूश झाले. "अरे वाह, पहला नंबर!" ते वाईट माणूस नव्हते, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. बाबांनी कागद पुढे केला. बाबूंनी तो बाजूला ठेवला, टाक दौतीत बुडवला, आणि मी लहान, समोर हनुवटी टेकून उभी, म्हणून कौतुकानं मलाच विचारायला लागले. "नाम बताओ बिटिया." सांगितलं. "पिताजी का नाम?" सांगितलं. "जाति?"

"जात नाही. बौद्ध," मी म्हणाले.

म्हणाले म्हणजे निघालं. पण त्याच क्षणी तोफ झाली. कपाटाची काच थरथरली, बाबूंच्या टाकातला एक थेंब टेबलावर पडला, आणि माझा शब्द त्यात बुडून गेला. बाबूंनी कानाजवळ हात नेला. "क्या बोली? फिर से बोलो."

इथं मी नेहमी थांबते. इतकी वर्षं झाली, भांडी घासताना, ऑटोत बसल्यावर, लग्नाच्या पंगतीत, मी त्याच ठिकाणी येऊन थांबते. कारण तोफेनं मला वाचवलं होतं. पहिल्या वेळेचा शब्द माझा नव्हताच, तो गुळाचा होता, काकांच्या फुटपट्टीचा होता. पण दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वर बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. घाबरलेला. मला आठवलं की गप राहायचं आहे. मला कागद आठवला, लाल चपला आठवल्या, पाचवी आठवली. सगळं आठवलं. आणि मी विहारात काढायची तसा आवाज काढून म्हणाले, "जात नाही! बौद्ध!" बाबू दचकून खुर्चीत मागे सरकले. बाहेर व्हरांड्यात उभे असलेले लोक दारातून डोकावले.

बाबूंनी कागद उचलला, चष्म्यातून बघितला, मग बाबांकडे. "भैया, इसमें कुछ और लिखा है. लडकी कुछ और बोल रही है. मैं तो एक ही लिख सकता हूँ." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बच्ची है. आप कह दीजिए, मैं कागजवाला लिख देता हूँ."  बाबांनी हात पुढे केला, कागद घेतला, होता त्याच घडीवर दुमडला आणि खिशात ठेवला. हळू म्हणाले, "जो बच्ची ने कहा, वही लिखिए." "फिर माफी नहीं मिलेगी." "हाँ." "तो फीस भरेंगे?" बाबांनी माझा हात धरला. बाबूंनी टाक पुसून ठेवला.

परत येताना बाबांनी एका हलवायाच्या दुकानापुढे सायकल लावली आणि मला खोव्याची जलेबी घेऊन दिली. काळी, मऊ, पाकानं जड. आमच्या घरी ती कोणी पास झालं की आणत. मी खाल्ली. बाबांनी खाल्ली नाही, सायकलचं हँडल धरून उभे राहिले. मी विचारलं, "बाबा, चुकलं का माझं?" ते म्हणाले, "हात धू. चिकट हातानं मायचं पातळ धरशील."

घरी माय उंबऱ्यातच होती. "झालं?" बाबा म्हणाले, "नाही झालं. मीच म्हटलं त्याले, बौद्ध लिहा." मी तोंड उघडलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि इतका दाबला की तेलात त्यांची बोटं रुतली. मायनं हातातलं सूप खाली टाकलं. "तुम्ही? कागद आणून? तिथं जाऊन तुमची मान ताठ झाली? पोरीचं शिक्षण खाल्लं तुमच्या मानेनं!" त्या दिवशी तिनं सगळ्यांना वाढलं, बाबांना नाही. पुढे कितीतरी दिवस ती त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलायची. "सांग तुझ्या बापाले, पाणी तापलं." बाबा समोरच बसलेले असायचे. मी सांगायची, "पाणी तापलं." मला तेव्हा कळत होतं की ते माझा मार खात आहेत. आणि मी गप होते, कारण गप राहणं मला येत होतं.

गोष्ट वस्तीत पसरायला वेळ लागला नाही. व्हरांड्यातल्या लोकांपैकी एक फॅक्टरीतला होता. त्यानं एवढंच ऐकलं होतं की आतून कोणीतरी मोठ्यानं बौद्ध म्हणालं आणि माफी नाकारली. आतला माणूस कोण, तर बाबा. पौर्णिमेला विहारात गोंडाणे काकांनी बाबांना पुढे बोलावलं आणि झेंडूचा हार घातला. म्हणाले, "पोटच्या पोरीची फी-माफी लाथाडली, पण कागदावर वाकला नाही हा माणूस!" टाळ्या वाजल्या. बायकांच्या बाजूला माय पदराचं टोक पिळत बसली होती. तिला कागद माहीत होता. मी पोरांच्या रांगेत होते. मला शब्द माहीत होता. काका म्हणाले, "दोन शब्द बोला, भाऊ." बाबांनी पोरांच्या रांगेत मला शोधलं. मी बघून खाली मान घातली. बाबा म्हणाले, "मी काही नाही केलं." लोकांना वाटलं, केवढा नम्र माणूस. आणखी टाळ्या वाजल्या. बाबा पुन्हा म्हणाले, "खरंच म्हणतो, मी काही नाही केलं." त्या टाळ्या कितीतरी वेळ थांबल्या नाहीत.

हार घरी आणून त्यांनी खुंटीला लावला. माय म्हणाली, "त्याचीच भाजी करू का आता?" हे ती बऱ्याच दिवसांनी सरळ त्यांच्याशी बोलली, म्हणून बाबा हसले. मग तीही हसली. मी नाही हसू शकले. दुसऱ्या दिवसापासून मी मायबरोबर चुलीपाशी बसले. सोळाव्या वर्षी लग्न झालं, तेही याच गावात, रेल्वेत असणाऱ्या माणसाशी. बाबा पुढे खूप वर्षं जगले. बौद्धांनाही सवलत मिळू लागली तेव्हा पेपर घेऊन माझ्याकडे आले, चहा घेतला, पेपर माझ्या टेबलावर ठेवून गेले.  त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नाही. ते गेल्यावर भावांनी त्यांची पेटी उघडली. कागद त्यात नव्हता. नर्मदेत सोडला असेल का, असं मला उगाच वाटतं.

आता आम्ही राइट टाउनच्या बाजूला राहतो. विहार पक्का झाला, त्याला फरशी आहे, माइक आहे. यंदा विहाराची स्मरणिका निघते आहे आणि जुन्या लोकांच्या गोष्टी गोळा करायचं काम माझी नात प्रज्ञा करते. तिला मराठी कळतं, बोलताना हिंदीत घसरते. परवा ती स्वयंपाकघरात ओट्यावर चढून बसली, एका कानात ते गाण्याचं बोंडूक, हातात मोबाइल. "आजी, वो बडे बाबावाला किस्सा बता ना, स्कूलवाला. सब बोलते हैं वही छापना है." बडे बाबा म्हणजे माझे बाबा. मी कढीला फोडणी देत होते. नेहमीची गोष्ट सांगितली, जशी सगळे सांगतात. ती अंगठ्यांनी लिहीत गेली आणि मग वाचून दाखवायला लागली. "बडे बाबांनी मोठ्या आवाजात सांगितलं की..."

"मोठ्या आवाजात नाही," मी म्हणाले. "बाबा हळू बोलले."

"पण तू तर आत्ताच सांगितलंस ना, बाबू घाबरून पीछे हो गए?"

"झाले."

"तो फिर जोर से कौन बोला?"

कढी वर यायला लागली होती. मी आच कमी केली. पळी ताटलीवर ठेवली, ती किणकिणली. मी म्हणाले, "मी."

"क्या?" प्रज्ञानं कानातलं बोंडूक काढलं. "आजी, सुनाई नहीं दिया. परत बोल."

मला हसू आलं. मी पदराला हात पुसले, तिच्याकडे वळले आणि दुसऱ्यांदा म्हणाले. बाहेरच्या खोलीतून सून धावत आली, तिला वाटलं काही भाजलं.